पंचशील पाठ झाल्यानंतर

कोल्हापूर

प्रिय विद्यार्थ्यास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

भारताचे परराष्ट्र धोरण आणि शांतिसेना यांवरचा तुझा निबंध मिळाला. मी तो दोनदा वाचला. पहिल्यांदा पेन्सिल हातात न घेता आणि दुसऱ्यांदा घेऊन. समासात खुणा बऱ्याच दिसतील, पण त्या पाहून खचून जाऊ नकोस, कारण त्यांतल्या बहुतेक एकाच गोष्टीबद्दल आहेत. पहिल्या पानावर तू राज्यघटनेचे आंतरराष्ट्रीय शांततेबद्दलचे ५१ वे कलम दिले आहेस, दुसऱ्या पानावर पंचशीलाची पाच तत्त्वे, तिसऱ्यावर अलिप्ततावाद आणि चौथ्या पानावर एकदम संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसेनेत भारताने किती मोहिमांत किती सैनिक पाठवले त्याचे आकडे. प्रत्येक पान आपापल्या जागी बरोबर आहे, पण एकाच चाळीत राहून एकमेकांचे तोंड न पाहणाऱ्या बिऱ्हाडांसारखी ती चार पाने झाली आहेत. तत्त्वांचा आणि सैनिकांचा संबंध काय, हे निबंधात कुठेच येत नाही.

तुला बोलण्याआधी मी माझाच दोष सांगते. मीही हा विषय वर्षानुवर्षे असाच शिकवला. पंचशील म्हणजे फळ्यावर एक ते पाच आकडे, त्यांपुढे प्रादेशिक अखंडत्व व सार्वभौमत्वाचा आदर, अनाक्रमण, अंतर्गत कारभारात हस्तक्षेप न करणे, समानता व परस्परहित आणि शांततामय सहजीवन. मुले पाढ्यांसारखे ते पाठ करत आणि मी गुण देत असे. २००० सालच्या पावसाळ्यात मात्र वर्गातल्या एका मुलाने मला अडवले. त्याचा मोठा भाऊ तेव्हा पश्चिम आफ्रिकेतल्या सिएरा लिओनमध्ये, शांतिसेनेच्या भारतीय तुकडीत होता. तो मुलगा शांतपणे उभा राहिला आणि म्हणाला, ‘मॅडम, दुसऱ्याच्या कारभारात ढवळाढवळ करायची नाही असे तिसरे तत्त्व आहे, मग माझा भाऊ तिथे काय करतो आहे?’ त्या दिवशी मी काहीतरी बोलून वेळ मारून नेली. घरी आल्यावर मात्र लक्षात आले, की आपण इतकी वर्षे जो विषय शिकवला त्याचा मुख्य प्रश्न एका विद्यार्थ्याने आपल्याला विचारला आणि आपल्याकडे उत्तर नव्हते. हे पत्र म्हणजे, तुझ्या निमित्ताने, त्याला द्यायचे राहून गेलेले उत्तर समज.

उत्तराची सुरुवात ‘संमती’ या शब्दापासून होते, आणि तुझ्या सबंध निबंधात तो एकदाही आलेला नाही. संयुक्त राष्ट्रांची सनद तू वाचली असशीलच. तिच्या सहाव्या प्रकरणात वाटाघाटी, मध्यस्थी, लवाद असे समेटाचे मार्ग आहेत आणि सातव्या प्रकरणात निर्बंध आणि लष्करी कारवाई आहे. निळ्या टोप्यांच्या शांतिसेनेचा उल्लेख या दोन्हींत नाही. सरचिटणीस डाग हॅमरशोल्ड तिला गमतीने ‘साडेसहावे प्रकरण’ म्हणत असत असे सांगतात, आणि ते वर्णन चपखल आहे. गरजेतून जन्मलेली ही प्रथा तीन अटींवर उभी आहे : संबंधित पक्षांची संमती, निःपक्षपणा, आणि स्वसंरक्षण किंवा नेमून दिलेल्या कामाचे रक्षण यांपलीकडे बळाचा वापर न करणे. आता या तीन अटी पंचशीलाच्या शेजारी ठेवून पाहा. नुकत्याच स्वतंत्र झालेल्या, परक्या फौजांचा अनुभव ताजा असलेल्या देशाला दुसऱ्याच्या भूमीवर सैन्य पाठवायचे असेल, तर यजमानाच्या संमतीखेरीज दुसरा कोणता दरवाजा त्याला उघडा होता? म्हणून हस्तक्षेपाला विरोध आणि शांतिसेनेत सहभाग यांत कागदावर तरी विसंगती नाही. ती सुरू होते संमती डळमळीत होते तेव्हा, आणि तुझ्या निबंधाचा खरा विषय तिथे आहे.

कोरियाचे प्रकरण तू दोन ओळींत उरकले आहेस. मी तिथे थोडी रेंगाळणार आहे, आणि त्याला कारण केवळ आपले कोल्हापूर नाही. १९५० मध्ये उत्तर कोरियाने आक्रमण केले तेव्हा भारताने सुरक्षा परिषदेत त्याला आक्रमणच म्हटले, पण लढाऊ सैन्य पाठवण्याचे नाकारले आणि ६० वी पॅराशूट फील्ड अँब्युलन्स, म्हणजे डॉक्टर आणि शुश्रूषकांचे पथक पाठवले. युद्ध थांबता थांबता घोडे अडले युद्धकैद्यांवर. ज्यांना मायदेशी परत जायचे नव्हते त्यांचे काय करायचे? त्यासाठी पाच तटस्थ देशांचा आयोग नेमला गेला, त्याचे अध्यक्षपद जनरल थिमय्यांकडे आले आणि कैद्यांच्या प्रत्यक्ष राखणीचे काम सहा हजारांच्या आसपास भारतीय सैनिकांवर सोपवले गेले. त्या दलाचे प्रमुख होते मेजर जनरल शंकरराव पांडुरंग पाटील थोरात, आपल्या कोल्हापूर भागातले. थिमय्या आणि थोरात हे दोघे १९४५ मध्ये आराकानच्या लढाईत एकाच ब्रिगेडमध्ये शेजारशेजारच्या पलटणींचे नेतृत्व करत होते. आठ वर्षांनी तेच दोघे न लढण्याच्या कामावर एकत्र आले.

हे काम कसे होते ते नीट डोळ्यांसमोर आण. दक्षिण कोरियाचे अध्यक्ष सिंगमन री यांनी भारतीय सैनिकांना आपल्या भूमीवर पाऊल ठेवू न देण्याचा हट्ट धरला, त्यामुळे इंचॉनच्या बंदरात जहाजांवर आलेल्या जवानांना अमेरिकी हेलिकॉप्टरांतून उचलून थेट निर्लष्करी पट्ट्यात उतरवावे लागले. यजमानांपैकी एकाची संमती इतकी कुरकुरीची होती, की जमिनीऐवजी हवेतून जावे लागले! ताब्यात आले साडेबावीस हजारांहून अधिक चिनी व उत्तर कोरियाई कैदी आणि दुसऱ्या बाजूचे साडेतीनशेवर. कैद्यांच्या छावण्यांत त्यांच्याच पुढाऱ्यांची दहशत होती, आणि परत जाण्याची इच्छा दाखवणाऱ्याच्या जिवाला सोबत्यांकडूनच धोका असे. सप्टेंबर १९५३ मध्ये चिनी कैद्यांनी एका भारतीय मेजरला कुंपणाच्या आत ओढून नेले. बाहेर शस्त्रे घेतलेले जवान उभे होते आणि गोळीबाराचा हुकूम दिला असता तर कोणी दोष दिला नसता. थोरात मोजक्या सहकाऱ्यांसह स्वतः त्या जमावात गेले, वेढले गेले, आवाज चढवून आणि उतरवून बोलत राहिले, आणि गोळी न चालवता आपला अधिकारी सोडवून बाहेर आले. आज ज्याला कीर्तिचक्र म्हणतात तो सन्मान त्यांना मिळाला.

पुढे काय झाले? नव्वद दिवस कैद्यांना समजावण्याची मुदत होती. ती संपली तेव्हा परत जायला तयार झालेले थोडेच निघाले, आणि थिमय्यांनी उरलेले कैदी ज्या बाजूने ताब्यात दिले होते तिच्याकडेच परत केले. चीन नाराज, अमेरिका साशंक, दक्षिण कोरिया संतप्त. निःपक्षपणाचा तात्काळ मोबदला बहुधा असाच असतो, हे तुझ्या निबंधात यायला हवे, कारण तू ‘भारताच्या भूमिकेचे सर्वांनी स्वागत केले’ असे लिहिले आहेस. तसे झाले नव्हते.

थोरातांची गोष्ट इथे संपत नाही. कोरियातून सैन्य परतले त्याच वर्षी, २९ एप्रिल १९५४ रोजी, तिबेटबाबतच्या भारत-चीन करारात पंचशील अवतरले. आणि हेच थोरात १९५९-६० मध्ये पूर्व विभागाचे सेनाप्रमुख असताना, ईशान्य सीमेवर चीन आला तर आपल्याजवळचे बळ पुरणार नाही, असे तपशीलवार लिहून देत होते. त्यांचे ऐकले गेले नाही. १९६२ मध्ये कराराची आठ वर्षांची मुदत संपली आणि त्याच वर्षी युद्ध झाले. तू लिहितोस, ‘१९६२ च्या युद्धाने पंचशील फोल ठरले.’ हे वाक्य सगळेच लिहितात. मी त्याऐवजी असे म्हणेन, की तत्त्व पाळणारा आणि सीमेवरच्या पलटणी मोजणारा माणूस एकच असू शकतो, आणि थोरातांमध्ये तो होता. चूक तत्त्वाची नव्हती, तत्त्व म्हणजेच तटबंदी असे समजण्याची होती. हे माझे मत आहे. तुला पटत नसेल तर खोडून काढ, पण पुरावा देऊन.

संमती काढून घेतली की काय होते, हे सुएझच्या प्रकरणात दिसते. इजिप्तच्या सुएझ कालव्यावरून पेटलेल्या १९५६ च्या संकटानंतर गाझा आणि सिनाईत संयुक्त राष्ट्रांचे दल उभे राहिले. त्यात भारताची पलटण पहिल्यापासून शेवटपर्यंत होती आणि त्याचे नेतृत्वही काही काळ भारतीय सेनापतींनी केले. दल फक्त इजिप्तच्या बाजूला उभे होते, इस्रायलने आपल्या बाजूला ते कधी येऊच दिले नव्हते. मे १९६७ मध्ये इजिप्तचे अध्यक्ष नासेर यांनी दल काढून घ्या म्हटले आणि सरचिटणीस ऊ थांट यांनी ते मान्य केले. त्यांच्यावर तेव्हा टीकेची झोड उठली, पण संमतीवर उभ्या असलेल्या दलाला संमती संपल्यावर तिथे राहता येत नाही. जायची आवराआवर चालू असतानाच जूनमध्ये युद्ध भडकले आणि गाझा पट्टीत भारतीय सैनिक मारले गेले. कोणाच्याही बाजूने न लढणारी माणसे दोघांच्या मध्ये सापडून गेली.

काँगो मात्र अवघड आहे. इथे तू जपून पाऊल टाक. १९६० मध्ये बेल्जियमपासून स्वतंत्र होताच तिथला कटांगा प्रांत फुटून निघाला. पंतप्रधान लुमुंबांची हत्या झाली, आणि फेब्रुवारी १९६१ मध्ये सुरक्षा परिषदेने यादवी टाळण्यासाठी गरज पडल्यास अखेरचा उपाय म्हणून बळ वापरण्याची मुभा दिली. नेहरूंनी त्यानंतर संपूर्ण ब्रिगेड पाठवली, पुढे कॅनबेरा ही बॉम्बफेकी विमानेही गेली. ५ डिसेंबर १९६१ रोजी कटांगातल्या एलिझाबेथव्हिलच्या विमानतळाजवळचा रस्ता मोकळा करताना गुरखा रायफल्सचे कॅप्टन गुरबचनसिंग सलारिया सोळा जणांनिशी नव्वदएक सशस्त्र शत्रूंवर तुटून पडले आणि मानेला गोळ्या लागूनही लढत राहिले. ते सव्वीस वर्षांचे होते. संयुक्त राष्ट्रांच्या निळ्या झेंड्याखाली लढताना परमवीरचक्र मिळवणारे ते एकमेव. त्या मोहिमेत ३९ भारतीय कामी आले.

तर प्रश्न असा : ही शांतिसेना होती की युद्ध? काँगोच्या केंद्र सरकारची संमती होती, कटांगाची नव्हती. भारताने पंचशीलातले पहिले तत्त्व, प्रादेशिक अखंडत्व, वजनात जास्त धरले. फाळणी सोसलेल्या देशाने तसे करावे यात आश्चर्य नाही. आता तारखा नीट बघ. सलारिया ५ डिसेंबरला धारातीर्थी पडले आणि १८ डिसेंबरला भारतीय सैन्य गोव्यात शिरले. लगेच सुरक्षा परिषदेत अमेरिका, ब्रिटन, फ्रान्स आणि तुर्कस्तान यांनी आपल्याविरुद्ध ठराव आणला आणि तो सोव्हिएत नकाराधिकाराने पडला. एका खंडात आंतरराष्ट्रीय व्यवस्थेसाठी रक्त सांडणारा देश दुसरीकडे तीच व्यवस्था मोडतो आहे, अशी ओरड झाली. आपल्या बाजूचा युक्तिवाद होता, की गोवा ही साडेचारशे वर्षे चाललेली वसाहत आहे, तिथे आक्रमण झालेच असेल तर ते पोर्तुगीजांचे. गोव्यातल्या वाचकासमोर हे सिद्ध करायची गरज नाही, पण परराष्ट्र धोरणाच्या अभ्यासकाने दोन्ही बाजू तितक्याच ताकदीने मांडता आल्या पाहिजेत. चौदा वर्षे बोलणी करूनही लिस्बन हलले नाही, हेही लिही; आणि बळाचा वापर झाला, हेही लिही. तू डिसेंबर १९६१ वर काहीच लिहिले नाहीस, आणि माझ्या मते निबंधातली सर्वांत मोठी उणीव तीच आहे.

आणखी एक दुरुस्ती. श्रीलंकेतली १९८७ ते १९९० ची ‘भारतीय शांतिसेना’ तू संयुक्त राष्ट्रांच्या यादीत घातली आहेस. ती तिथली नव्हे. ती दोन सरकारांच्या कराराने गेली होती, तिच्या डोक्यावर निळी टोपी नव्हती, आणि मुख्य म्हणजे ज्यांच्याकडून शस्त्रे ठेवून घ्यायची होती त्या लिट्टे या तमिळ बंडखोर संघटनेने करारावर सहीच केली नव्हती. काही आठवड्यांतच राखण करायला गेलेले सैन्य लढायला लागले. जवळपास बाराशे जवान कामी आले. त्यांत महार रेजिमेंटचे, मुंबईत जन्मलेले मेजर रामस्वामी परमेश्वरन होते. त्यांनाही परमवीरचक्र मिळाले. शेवटी श्रीलंकेच्याच नव्या अध्यक्षांनी सैन्य परत न्या म्हटले. या अनुभवाचा थेट परिणाम मला २००३ मध्ये दिसतो. अमेरिकेने इराकमध्ये भारतीय सैन्याची मागणी केली, दिल्लीत त्यावर खल झाला, मोहाचे मुद्देही होते. जुलैमध्ये वाजपेयी सरकारने सांगितले, की संयुक्त राष्ट्रांचा स्पष्ट अधिदेश असल्याशिवाय आम्ही येणार नाही. परराष्ट्र धोरणाचे तत्त्व ओळखण्याची माझी खूण हीच आहे : ते सोयीचे नसतानाही वापरले गेले का, ते पाहायचे. १९५६ मध्ये हंगेरीत सोव्हिएत रणगाडे शिरले तेव्हा आपण निषेध करताना अडखळलो, हे याच खुणेने मोजायचे. युक्रेनच्या ठरावांवरची आपली तटस्थ मतेही तिनेच मोज. तिथे मी तुला उत्तर देणार नाही.

आता त्या मुलाचा भाऊ. सिएरा लिओनमध्ये १९९९ च्या शांतता कराराने बंडखोरांनी संमती दिली होती. मे २००० मध्ये त्यांनी ती मोडली आणि संयुक्त राष्ट्रांचे शेकडो सैनिक ओलीस धरले. पूर्वेकडे काइलाहुनला दोनशेवर भारतीय सैनिकांना वेढा पडला. शस्त्रे ठेवा म्हटल्यावर त्यांनी ठेवली नाहीत, आणि सुमारे अडीच महिने ते तसेच राहिले. इतके दिवस वाटाघाटींची वाट पाहिली, हेही निःपक्षपणाच्या अटीतच बसते. जुलैच्या मध्यावर, भर पावसात, ‘ऑपरेशन खुकरी’ झाले आणि वेढा फोडून सगळे बाहेर आले. मोहिमेत एक हवालदार कामी आला. नंतर मोहिमेच्या नेतृत्वातले मतभेद चव्हाट्यावर आले आणि भारताने आपली सारी फौज काढून घेतली. म्हणजे संमती केवळ यजमानाचीच लागते असे नाही, पाठवणाऱ्याचीही लागते. त्या मुलाचा भाऊ सुखरूप परतला. त्याला मी पुढे कधी भेटले नाही.

तुझ्या चौथ्या पानावरच्या आकड्यांबद्दल थोडे. पन्नासच्या आसपास मोहिमा, पावणेतीन लाखांहून अधिक सैनिक आणि पोलीस, आणि पावणेदोनशेच्या आसपास मृत्यू. इतके कोणत्याही दुसऱ्या देशाचे झालेले नाहीत. हे आकडे तू अभिमानाने मांडलेस, ते ठीक. पण कोणी म्हणेल की हे सगळे डॉलरसाठी आहे, तेव्हा रागावून जाऊ नकोस, हिशेब मांड. संयुक्त राष्ट्रे पाठवणाऱ्या सरकारला दर सैनिकामागे ठरावीक भरपाई देतात. २०१८ मध्ये तो दर महिन्याला १,४२८ डॉलर होता. छोट्या देशांच्या तिजोरीला हा मोठा हातभार आहे, भारतासारख्या देशाच्या संरक्षण खर्चात मात्र तो चिमूटभर ठरतो. आपला स्वार्थ दुसरा आहे, आणि तो लपवण्यात अर्थ नाही : सुरक्षा परिषदेत कायमची जागा. ज्या मोहिमा परिषदेचे कायम सदस्य ठरवतात, त्यांत प्रत्यक्ष उभे राहतात ते बहुधा भारत, नेपाळ, बांगलादेश, रवांडा अशा देशांचे जवान. सनदेच्या ४४ व्या कलमाचा आधार घेऊन भारत वर्षानुवर्षे म्हणत आला आहे, की ज्यांची माणसे जाणार त्यांना निर्णयात विचारा. ही तक्रार मला रास्त वाटते. आणि गंमत अशी, की इतका मोठा वाटा उचलणारा देश स्वतःच्या घरातल्या निरीक्षकांबद्दल वेगळी भूमिका घेतो. काश्मीरमध्ये १९४९ पासून असलेल्या लष्करी निरीक्षक गटाचे काम १९७२ च्या सिमला करारानंतर संपले, असे आपण मानतो. इथेही संमतीचाच मुद्दा आहे, फक्त यजमान आपण आहोत. हे लिहायला कचरू नकोस.

लायबेरियातल्या महिला पोलिसांचा परिच्छेद तू चांगला लिहिला आहेस. २००७ मध्ये मोनरोव्हियात उतरलेली केंद्रीय राखीव पोलीस दलाची ती तुकडी संयुक्त राष्ट्रांच्या इतिहासातली पहिली संपूर्ण महिलांची होती. त्यातले ‘नारीशक्तीचा जागर’ हे शब्द काढ, बाकी तसेच ठेव.

पुढच्या मसुद्यासाठी एकच काम सांगते. काँगो, सिएरा लिओन आणि आजचा दक्षिण सुदान, या तीन मोहिमांचे सुरक्षा परिषदेचे मूळ ठराव शोधून वाच, आणि त्यांतली फक्त क्रियापदे वहीत उतरव : ‘निरीक्षण करणे’, ‘साहाय्य करणे’, ‘संरक्षण करणे’, ‘आवश्यक ते सर्व उपाय योजणे’. क्रियापद बदलले की जवानाच्या हातातल्या बंदुकीचा अर्थ बदलतो, आणि दिल्लीतल्या निर्णयाचे वजनही. ती वही समोर ठेवून निबंधाची सुरुवात ५१ व्या कलमाने न करता त्या मुलाच्या प्रश्नाने कर. कलम मग आपोआप योग्य जागी येईल.

दिवाळीच्या सुटीत येशील तेव्हा मसुदा हाताने लिहिलेला आण. टंकलेल्या कागदावर माझी पेन्सिल नीट उठत नाही. आईबाबांना नमस्कार सांग.

तुझी,
मॅडम

ता. क. नकाशात एलिझाबेथव्हिल शोधत बसू नकोस. त्या शहराचे नाव आता लुबुम्बाशी आहे. तिथून दक्षिणेला सीमा ओलांडली की एन्डोला लागते, आणि सप्टेंबर १९६१ मध्ये याच काँगोच्या तंट्यावर बोलणी करायला निघालेले हॅमरशोल्ड त्याच्याजवळ विमान कोसळून गेले. दोन्ही गावांवर पेन्सिलीने खूण करून ठेव.